फौजदार जावयाची पडताळणी

हे कुणी मानणार नाही, मला ठाऊक आहे. डिंभ्याच्या रानात मी दोन वाघांचं भांडण सोडवलं ते मागे सांगितलं, तेव्हाही तुम्ही नुसत्या माना हलवल्या. पण नातीच्या सोयरिकीसाठी आपल्या पायानं पोलीस कोठडीत जाऊन बसलेला आजा अख्ख्या आंबेगाव तालुक्यात एकच, आणि तो मी, भागुजी. पलीकडे जुन्नर तालुक्यातही शोधून पाहा. दुसरा सापडला तर मिशी उतरवीन. आणि मिशी माझी साधी नाही, एका चिमणीनं तिच्यात अख्खा उन्हाळा काढलेला आहे.

नव्याण्णव सालचा वैशाख. पौर्णिमा जवळ आली होती, बुद्धविहाराला चुना लावायचं काम चाललं होतं, आणि शिनोलीच्या आमच्या घराच्या पडवीत आम्ही सगळे बियाण्याच्या शेंगा फोडायला बसलो होतो. शेंगा फोडणं हे काम मोठं सोयीचं. हात गुंतलेले असतात, मान खाली असते, त्यामुळे एरवी तोंडावर बोलता येत नाही ते सगळं शेंगांकडे बघून बोलता येतं.

"उद्या भाऊ यायचाय जुन्नरवरनं," थोरली सून यशोधरा म्हणाली. तिचं माहेर जुन्नर, आणि हे स्थळ तिच्याच भावानं आणलेलं. "त्याला काय सांगायचं ते आज ठरवा. पावण्यांनी किती दिस वाट बघायची."

"ठरवायचं काय त्यात," थोरला नवनाथ म्हणाला. "व्हय म्हणायचं. पोरगा फौजदार हाय. परीक्षा देऊन झालाय. आपल्यातला हाय. सुपारीच्या खांडाचं यसन न्हाई. आजून काय पायजे?"

त्याच्या शेजारी धाकटा, सावळेराम. त्यानं एक शेंग घेतली, अंगठ्यानं दाबली, दाणे सुपात टाकले. त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं वाकत नाहीत. म्हणून तो अंगठा आणि करंगळी यांच्यात शेंग धरून फोडतो, आणि तरी माझ्यापेक्षा लवकर फोडतो.

ती बोटं कशी गेली ते घरात कुणी बोलत नाही. एक्क्याण्णव साली कुणाची तरी विहिरीवरची मोटर चोरीला गेली. सावळेराम त्या रात्री त्या वाटेनं सायकलवरून आला होता, एवढाच पुरावा. त्याला ठाण्यात नेलं. चौथ्या दिवशी मोटर त्याच विहिरीच्या गाळात सापडली. दोर तुटून पडली होती बिचारी. सावळेरामला सोडून दिलं, आणि एक हवालदार जाता जाता म्हणाला, "चुकून झालं, मनावर घेऊ नको." त्यानं मनावर घेतलं की नाही माहीत नाही. पण शिवणकाम करणारा माणूस, शिनोलीच्या फाट्यावर त्याचं दुकान, आणि त्या दिवसापासून त्यानं खाकी कापडाला हात लावला नाही. शाळेच्या पोरांची खाकी चड्डी आली तरी म्हणायचा, "घोडेगावला न्या. खाकीला आपली सुई चालत न्हाई." आता गंमत अशी की नवनाथ एसटीत ड्रायव्हर. त्याची वर्दीही खाकी. सख्ख्या भावाची वर्दी सख्खा भाऊ शिवत नाही. आठ वर्षं नवनाथ कापड काखेत मारून धाकट्याच्या दुकानावरून पुढे घोडेगावला जातो. दोघं एकमेकांकडे बघून मान हलवतात. भांडण नाही, काही नाही. भांडण झालं असतं तर मिटलं तरी असतं.

"सावळेरामभावजी काय म्हंत्यात?" यशोधरेनं विचारलं. तिला नको असलेला प्रश्न ती आधी विचारून मोकळी होते.

"माझं काय," सावळेराम म्हणाला. "पोरगी तुमची."

"तुमची न्हाई का?"

"माझी हाय म्हणून तर गप हाय, वहिनी."

नवनाथनं शेंग जरा जोरात फोडली. "तुला एक हवालदार वाईट भेटला म्हणून सगळं खातं वाईट?"

"मी तसं म्हणलो का? मी काय बी म्हणलो न्हाई."

"न बोलून म्हंतोस. आठ वर्सं तेच करतोस."

माझी बायको बनाबाई कोपऱ्यात सूप पाखडत होती. पाखडण्याचा आवाज तिनं जरा वाढवला. आमच्या घरात भांडण वाढायला लागलं की तिचं सूप वाढतं.

"अवो, पण त्याची पडताळणी झालीय," यशोधरा म्हणाली. "माझ्या भावाच्या डोळ्यांदेखत. नोकरी लागायच्या आधी ठाण्यातनं माणूस आला व्हता त्यांच्या गावात. पोलीस पाटलाला इचारलं, शेजाऱ्यांना इचारलं, शाळेत इचारलं. चालचलन चांगली, असं सरकारनं लिवून दिलंय. सरकारनं बघून घेतलेला पोरगा. आपण आजून काय बघायचं?"

"माझी बोटं ज्यानं मोडली त्याची बी झाली आसंल की पडताळणी," सावळेराम म्हणाला. शेंगांकडे बघूनच. "त्याच्या बी शेजाऱ्यांनी सांगितलं आसंल, पोरगं लई गुणी हाय म्हणून. आन् आसंल बी तवा."

सूप थांबलं. बनाबाई म्हणाली, "पडताळणी झाली तवा अंगावर वर्दी व्हती का?"

"तवा कशी आसंल आई," नवनाथ म्हणाला. "पडताळणी झाल्यावर वर्दी मिळती."

"मग सरकारनं उघड्या माणसाला बघितलं. वर्दीतला कुणी बघितला?"

मी मनात म्हटलं, पन्नास वर्षं मी हिला गोष्टी सांगतोय, आणि ही एका वाक्यात माझ्या चार दिवसांच्या प्रवासाचं कारण सांगून मोकळी झाली.

कारण मी गेलो होतो. आमच्या घरात रीत आहे. मुलगा मुलगी बघायला येतो त्या दिवशी चौकशीला जाणारा माणूस घरात थांबत नाही. त्याचं तोंड पाहुण्यांनी पाहता कामा नये. मग त्यानं मागाहून अनोळखी होऊन त्यांच्या गावात जायचं आणि काय ते बघून यायचं. ही रीत माझ्या बापानं घातली. त्याच्या बहिणीच्या वेळी सासरच्या गोठ्यात बारा बैल होते. लग्न लागलं, अक्षता पडल्या, आणि बैल आपापल्या घरी गेले. म्हणून रविंद्र फौजदार आमच्या कल्याणीला बघायला आला त्या दिवशी मी मंचरला बाजारात कांद्याच्या गोणीवर दिवसभर बसून होतो. पोरानं मला पाहिलं नव्हतं, मी पोराला पाहिलं नव्हतं. मग मी घाट उतरून त्याच्या नेमणुकीच्या गावी गेलो. गावाचं नाव सांगणार नाही. गावाचा काही दोष नाही.

"आबा," नवनाथ म्हणाला, "तुमी जाऊन आलात. आल्यापासनं नुसतं सांगतो, सांगतो. आता सांगा. आन् सरळ सांगा."

"सरळच सांगतो," मी म्हणालो. "पयल्यांदा न्हाव्याकडं गेलो. दाढीला बसलो. म्हणलं, तुमच्या गावचा नवा फौजदार कसा हाय? न्हावी म्हणला, चांगला हाय. पण म्हणताना वस्तरा माझ्या गळ्यावर थांबला. मग गिरणीत गेलो. तिथं इचारलं. चांगला हाय. धोब्याकडं गेलो. चांगला हाय. सगळं गाव एका सुरात. मला संशय आला. इतकं चांगलं तर लोक मेलेल्या माणसाबद्दल बी बोलत न्हाईत. म्हणून परत न्हाव्याकडं गेलो."

"परत दाढी?" बनाबाईनं विचारलं.

"तीनदा केली. तिसऱ्यांदा न्हावी म्हणला, बाबा, आता खाली तुमची कवटी लागंल."

यशोधरा हसली. नवनाथही. सावळेरामच्या मिशीत काहीतरी हललं. मला तेवढं पुरतं.

"मग मी इचार केला. माणूस घरी कसा हाय ते शेजारी सांगंल. पर ठाण्यात कसा हाय ते ठाण्याच्या आतलाच सांगंल. म्हणून म्हणलं, आत जायचं. गेलो ठाण्यात. एक जमादार बसला व्हता. त्याला म्हणलं, मला पकडा. म्हणला, कशाबद्दल? म्हणलं, तुमच्या गावची रेल्वे मी चोरली. म्हणला, म्हातारबा, आमच्या गावाला रेल्वे न्हाई. म्हणलं, आता कशी आसंल?"

आता मात्र कल्याणीसुद्धा हसली. ती इतका वेळ दारात उंबऱ्यावर बसून होती, मांडीवर शेंगांची पाटी घेऊन. बावीस वर्षांची माझी नात, घोडेगावच्या बाजूला एका शाळेवर शिकवते. तिला तिच्या बापानं सकाळीच विचारलं होतं, तुझं काय म्हणणं? ती म्हणाली होती, आबा काय बघून आलेत ते ऐकते, मग सांगते. उद्याचं होय की नाही तिच्याच तोंडून निघायचं होतं, आणि ते माझ्या गोष्टीवर अडलं होतं.

"जमादारानं मला घालवून दिलं," मी पुढे म्हणालो. "मग बघितलं, सायबाची, म्हंजी आपल्या फौजदाराची, खोली उघडी. सायब बाहेर गेल्यालं. शिरलो आत. खुर्चीत बसलो. मऊ खुर्ची, लई झकास. टेबलावर घंटी व्हती, ती दाबली. जमादार पळत आला, पाय आपटला, कडक सलाम ठोकला. आन् मग त्यानं बघितलं कोण बसलंय."

"मग?"

"मग काय. गोळी परत बंदुकीत घालता यील, पर ठोकलेला सलाम परत घेता येत न्हाई. त्या रागानं त्यानं मला आत टाकलं. नाव इचारलं. खोटंच सांगितलं, जानकू."

"कोठडी कशी व्हती?" हे सावळेरामनं विचारलं. त्यानं विचारावं अशी कुणाचीच अपेक्षा नव्हती. घरातले सगळे शेंगांकडे बघायला लागले.

मला सांभाळून जायला हवं होतं. मी म्हणालो, "बारीक. एवढी बारीक, की उंदीर आत आला की आमच्यातल्या एकाला उभं ऱ्हावं लागायचं. उंदीर बी सरकारी. येळेवर यायचा, येळेवर जायचा, मधी कायबी करायचा न्हाई."

सावळेराम हसला. खरंच हसला. कोठडी या शब्दावर हा माणूस आठ वर्षांत पहिल्यांदा हसत होता, आणि त्याचं त्यालाच नवल वाटलं असावं, कारण लगेच त्यानं तोंड पुसलं.

"आमच्यातल्या म्हंजी?" नवनाथनं विचारलं. "दुसरं कोण व्हतं?"

"वजीर म्हणून एक माणूस. जुन्नरचा. कल्हई लावणारा. भाता, कोळसा, नवसागर घेऊन गावोगाव फिरायचा. त्या गावात एका मंगल कार्यालयातली तांब्याची पातेली गेली. आता पातेली गेल्यावर कुणाला धरायचं? पातेल्यांचं काम करतो त्याला. मला म्हणला, बाबा, तुमी काय चोरलं? म्हणलं, खुर्ची. तुमी? तर म्हणला, मी कायबी न्हाई चोरलं, म्हणून मला उशीर लागंल. ज्यानं चोरलं तो पातेली देऊन सुटतो. मी काय देऊ?"

पडवीत शेंगा फुटायचा आवाज थांबला.

"सायकल व्हती का त्याच्याकडं?" सावळेरामनं विचारलं.

"व्हती," मी म्हणालो. "ठाण्याच्या भिंतीला लावलेली. भाता मागं बांधलेला. मधनं मधनं उठून खिडकीतनं सायकल हाय का बघायचा. म्हणायचा, मी सुटंन तवा सुटंन, तिला तरी कुणी नेऊ नये. तो भाता असा व्हता बाबा, की त्यानं एकदा फुंकर मारली आन् ओझरच्या देवळाचा कळस—"

"आबा," कल्याणी म्हणाली. "साहेब कधी आले?"

"येत्यात की. घाई काय?"

मग मीच पुढे सांगायला लागलो, "दुपारी जमादार आला. हातात काठी. ती काठी म्हणजे राव, करवंदीच्या जाळीतल्या नागाची मावशी. तेल पिऊन पिऊन काळी झालेली. जमादारानं कुलूप काढलं. वजीरला म्हणला, हात पुढं कर."

तेवढ्यात बनाबाई उठली आणि म्हणाली, "चहा टाकते." कुणी चहा मागितला नव्हता.

आता तिचा चहा उकळेपर्यंत इथे बसलेल्यांच्या मनात काय चाललं होतं ते सांगतो. तुम्ही म्हणाल, तुला काय ठाऊक. त्यातलं काही त्यांनी पुढे सांगितलं, काही मी तोंडांवरून वाचलं, आणि राहिलेलं माझ्या घरातलं आहे, मला ठाऊक असणारच.

नवनाथला वाटत होतं, ह्या म्हाताऱ्यानं गोष्ट चांगल्या ठिकाणी नेऊन ठेवावी. वीस वर्षं स्टिअरिंगवर बसून त्यानं रस्त्यावरच्या प्रत्येक खाकीला "साहेब" म्हटलं होतं. अंगावर खाकी असूनही समोरची खाकी वेगळी असते हे त्याला पाठ होतं. भाऊ ठाण्यात होता तेव्हा तो बाहेर झाडाखाली रात्रंदिवस उभा राहिला होता, आणि एकदाही आत जायचा धीर झाला नव्हता. त्याला फौजदार जावई मिरवायला नको होता. त्याला फक्त असं एक दार हवं होतं की जिथे जाऊन "आमचा माणूस आत आहे" म्हणता येईल.

यशोधरेला भावाचं तोंड दिसत होतं. नाही म्हटलं तर जुन्नरला ती सहा महिने माहेरी जाऊ शकली नसती. पण तिला हेही दिसत होतं की दीर शेंगा फोडायचा थांबलाय आणि त्यानं उजवा हात मांडीखाली घेतलाय. तिनं त्याच्यापुढची पाटी उगीच आपल्याकडे ओढली.

आणि कल्याणी. बघण्याच्या दिवशी रविंद्रनं तिला विचारलं होतं, तुम्हाला काही विचारायचं असलं तर विचारा. असं कुणी मुलीला विचारत नाही. तिनं विचारलं, "काही न केलेला माणूस तुमच्याकडे धरून आणला, तर तुम्हाला कसं कळतं?" तो म्हणाला, "लगेच नाही कळत." खोटा दिमाख नाही, भाषण नाही. तिला ते आवडलं. इतकं आवडलं की तिनं ते आईलासुद्धा सांगितलं नव्हतं. त्या पडवीत माझी गोष्ट चांगली संपावी असं सगळ्यांत जास्त कुणाला वाटत असेल तर तिला. ती सांगायची नाही, पण पाटीतल्या फोडलेल्या शेंगांची टरफलं ती पुन्हा पुन्हा फोडत होती.

आणि मी? मीही आमच्यातला एक पोरगा त्या मऊ खुर्चीत बसलेला पाहायला गेलो होतो. माझ्या बापाला त्या खोलीच्या पायरीवरसुद्धा बसू दिलं नसतं. घाट उतरताना एसटीत मी स्वतःशीच म्हणत होतो, चांगला निघ रे बाबा, चांगला निघ.

चहा आला. बनाबाईनं माझ्या हातात कप दिला, आणि माझ्याकडे नेहमीपेक्षा क्षणभर जास्त बघितलं.

"मग?" नवनाथ म्हणाला. "काठी घेऊन आला, मग?"

मी एक घोट घेतला. समोर सावळेराम होता. मघाशी हसलेला तो चेहरा अजून तसाच उघडा होता, दार ओढायला विसरल्यासारखा.

"मग सायब आले," मी म्हणालो. "त्यांनी काठी धरली. म्हणले, सोडा त्याला. वजीरला सोडलं. मला बी सोडलं."

यशोधरेनं पदरानं डोळे टिपले आणि आपण ते टिपले नाहीत असं दाखवायला नाकही पुसलं. "मी म्हणलं नव्हतं?" ती म्हणाली. "चांगल्या घरचं पोरगं हाय."

नवनाथ मोठ्यानं हसला. "आबा, येवढं सांगायला तुमी तीनदा दाढी केली व्हय."

"वजीरला लागलं न्हाई ना?" सावळेरामनं विचारलं.

"न्हाई."

"धरली व्हय," तो म्हणाला. नुसतं. आणि थोड्या वेळानं पुन्हा, "कुणीतरी धरली म्हणायची." त्यानं मांडीखालचा हात बाहेर काढला, बघितला, आणि शेंगांच्या ढिगात घातला. मग भावाकडे न बघता म्हणाला, "दादा, तुझं वर्दीचं कापड आलं का या सालचं?"

"आलंय. का?"

"घोडेगावला टाकू नको. माझ्याकडं टाक. माप बदललं आसंल तुझं, पोट सुटलंय."

नवनाथनं कप खाली ठेवला. "पोट कुठं सुटलंय," तो म्हणाला, आणि पोटावरून हात फिरवला. यशोधरा एकदा नवऱ्याकडे, एकदा दिराकडे बघत राहिली. तिला आता सोयरिकीचं भानही राहिलं नव्हतं.

बनाबाईनं सूप उचललं. ते तिनं पाखडलं नाही, नुसतं हातात धरून ठेवलं. तिला कळलं होतं. पन्नास वर्षं माझ्या गोष्टी ऐकणारी बाई, तिला कसं कळणार नाही. पण तिनं धाकट्याचा चेहरा पाहिला होता, आणि मी जे केलं तेच तिनं केलं. फरक एवढाच की तिनं ते गप्प राहून केलं.

मला वाटलं, झालं. गाडी घाट चढून आली. आता उद्या जुन्नरचा पाहुणा येईल, गूळ वाटला जाईल, आणि पुढे काय ते फौजदार जाणे आणि त्याचं नशीब जाणे. पोरगा तरुण आहे. आज काठी बघून मान फिरवली, उद्या फिरवणार नाही. घरात चांगली बायको आली की माणूस बदलतो. असं मी स्वतःला सांगत होतो, आणि मी चांगला सांगणारा आहे, त्यामुळे मला ते पटतही होतं.

"आबा," कल्याणी उंबऱ्यावरून म्हणाली. "काठी कुठल्या हातानं धरली?"

"उजव्या."

"जमादार मग काय म्हणाला?"

"काय म्हणंल? सायबापुढं काय म्हणणार. गप झाला."

"आणि साहेबांचा आवाज कसा होता? ओरडून म्हणाले की हळू?"

"हळू. म्हंजी, मधलाच."

"पोरी, कशाला उलटतपासणी घेतीस म्हाताऱ्याची," नवनाथ म्हणाला. "तू का फौजदार हायस?"

"वजीरचाचा सुटल्यावर काय म्हणाले?"

"गेला निघून."

"सायकल घेऊन?"

मी तोंड उघडलं. तिच्याकडे पाहिलं. तिच्या मांडीवरच्या पाटीत आता फोडायला एकही टरफल उरलं नव्हतं. तिचे डोळे ओले नव्हते. शाळेत एखाद्या पोरानं गणित कुणाचं तरी बघून लिहिलं की मास्तरीण जशी बघते, तशी ती बघत होती, राग नाही, फक्त पोराचं वाईट वाटल्यासारखं.

"घेऊन," मी म्हणालो. "घेऊनच गेला आसंल."

"आसंल?"

सावळेरामचा हात शेंगांच्या ढिगात होता तसाच राहिला. त्यानं मान वर केली नाही. यशोधरा म्हणाली, "कल्याणी, पुरं आता," पण ती फार हळू म्हणाली, आणि कल्याणीनं ते ऐकलं नाही, किंवा ऐकून घेतलं नाही.

"आबा," ती म्हणाली, "लहानपणापासून तुमच्या गोष्टी ऐकते मी. तुम्ही खरं सांगता तेव्हा त्याला शिंगं लावता, शेपूट लावता, वर झूल घालता. खरं तुम्हाला कधी नुसतं ठेवता येत नाही. ह्या काठी धरण्याला तुम्ही काहीच लावलं नाही." तिनं पाटी खाली ठेवली. "साहेब दारापर्यंत आले असतील. पण काठी कुणी धरली नाही."